मलिक अंबरच्या कबरीपाशी

पडक्या इमारती आणि जुनी कब्रस्तानं पाहत फिरायची मला सवय आहे. घरचे विचारतात, "तिथं काय ठेवलंय?" मित्रांना वाटतं, फोटोंसाठी जातो. धार्मिक मंडळी म्हणतात, कबरीची जियारत आखिरतची आठवण करून देते. ते खरंच आहे. पण मला तिथं आणखी एक गोष्ट मिळते. पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत असलेली माणसं कब्रस्तानात शेजारी शेजारी सापडतात.

खुलताबादचंच घ्या. जुनी माणसं या गावाला अजून रौजा म्हणतात. चौदाव्या शतकात दिल्लीहून आलेले चिश्ती सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब इथं विसावले. पुढे त्यांचे खलिफा जैनुद्दीन शिराजीही इथंच दफन झाले. या बुजुर्गांच्या सावलीत आपल्याला जागा मिळावी, असं नंतर बादशहांनाही वाटलं. १७०७ साली अहमदनगरजवळ वारलेल्या औरंगजेबाला इथं आणून जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. कबर मातीची, वर छत नाही. समोरच्या बुऱ्हानुद्दीनांच्या दर्ग्यात हैदराबादचा पहिला निजाम आहे. ज्याची गोवळकोंड्याची गादी औरंगजेबानं १६८७ मध्ये हिसकावली आणि ज्याला दौलताबादच्या किल्ल्यात मरेपर्यंत कैदेत ठेवलं, तो अबुल हसन तानाशाहही याच गावाच्या मातीत आहे. जिंकणारा आणि कैदी, दोघांच्या कबरींत पायी जाण्याइतकंच अंतर.

मी मात्र दर वेळी जातो ते गावाबाहेर, मलिक अंबरकडे. वाट विचारली की लोक आधी औरंगजेबाच्या कबरीकडेच बोट दाखवतात. दुसऱ्यांदा नाव सांगावं लागतं.

अंबर हबशी. पोरवयात गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. अकबराच्या आणि जहांगिराच्या फौजांना त्यानं पाव शतक झुंजवलं. त्याच्या गनिमी काव्याच्या लढाईत मराठा सरदार खांद्याला खांदा लावून होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले, त्यांचे बंधू शरीफजी तिथंच पडले. जहांगिरानं एक चित्र काढून घेतलं होतं. त्यात बादशहा भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात ते मुंडकं बादशहाला कधीच मिळालं नाही. १६२६ मध्ये, ऐंशीच्या आसपास, अंबर आपल्या मरणानं मेला. दहा वर्षांत निजामशाहीही संपली.

१६१० मध्ये त्यानं खडकी हे शहर वसवलं. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आणलं. ती नहर-ए-अंबरी. पुढे खडकीचं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. यातलं एकही नाव अंबरचं नाही.

त्याचा घुमट त्यानं जिवंतपणीच बांधून ठेवला होता. जवळच त्याची बेगम करीमा हिची कबर आहे. मी गेलो तेव्हा आत कोणी नव्हतं. फातिहा पढून पायरीवर बसलो. औरंगजेबाच्या कबरीपायी आपल्याकडे किती वाद होतात! कोणी ती उखडायला निघतो, आणि आपल्यापैकी कोणी त्या रागात औरंगजेबाचा वकील होऊन बसतो. त्या धामधुमीत, मराठी मुसलमानाला ज्याचा वारसा हक्कानं सांगता येईल असा माणूस इथं एकटा पडलाय. सकाळी जिवंत माणसांच्या भांडणात मी कुणाची बाजू घेत होतो, तेही त्या पायरीवर मला थोडं परकं वाटलं.

मुलांना इतिहास शिकवायचा तर त्यांना इथं आणायला हवं. मराठी मुसलमानांच्याच नव्हे, सगळ्यांच्या मुलांना. शरीफजी कुणासाठी पडले आणि खडकीला पाणी कुणी आणलं, हे दोन प्रश्न इथं बसून विचारले, तरी "आपले" आणि "परके" ही वाटणी आपोआप अवघड होते.

तुम्ही खुलताबादला गेलात, तर दर्ग्याची जियारत जरूर करा. मग गावाबाहेरची वाट विचारा. लोक चुकीकडे बोट दाखवतील. नाव दुसऱ्यांदा सांगा.