अर्धी राहिलेली गोधडी

आपल्या घरातील गोधडी एकदा नीट पाहावी. तिच्यात नवे असे काहीच नसते. आजीचे विरलेले लुगडे, आजोबांचे धोतर, लेकरांची आखूड झालेली कापडे. सुगी आटोपली की आयाबाया हे तुकडे अंगणात पसरत, थरावर थर लावत आणि कडेपासून आत आत येत धावदोरा घालत. मध्येच घरात मरण आले, तर अर्धी गोधडी सुईसकट गुंडाळून ठेवली जाई. गेलेल्या माणसाचेच कापड तिच्यात असे; पुन्हा उलगडायला हात धजत नसे.

असा थांबलेला हात आपल्या संतचरित्रांतही भेटतो.

नामदेवराय जातीने शिंपी. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांतील एका पदात गज, कात्री, सुई आणि दोरा हीच भजनाची साधने झाली आहेत. शके १२१८ (इ.स. १२९६) च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानोबाराय आळंदीत समाधिस्थ झाले. पाठोपाठ वर्षाच्या आतच सोपानदेव, मुक्ताई आणि निवृत्तिनाथही गेले, असे परंपरा सांगते. नामदेवरायांचा विलाप आपण कीर्तनात ऐकतो. पण ते विलापापाशी थांबले नाहीत. ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधि’ या प्रकरणांत त्यांनी माउलींचे चरित्र गायिले. सोबतीचे जे दिवस उरले होते, तेच त्यांनी एकाशेजारी एक मांडून जोडले. त्या चरित्राची ऊब आजही आपल्याला मिळते आहे.

पुढे तीन शतकांनी देहूत काय झाले, तेही पाहू. इ.स. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. तुकोबारायांचा व्यापार बुडाला, मान गेला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. हे सारे त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत स्वतः सांगितले आहे. अशा माणसाला स्फूर्ती कोठून यावी?

तिची वाट पाहत ते बसले नाहीत. घराण्याचे विठ्ठलमंदिर मोडकळीस आले होते. ते आधी दुरुस्त केले. एकादशीला कीर्तन करू लागले. सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हते, अशी कबुली ते स्वतःच देतात. मन लागत नव्हते, तरी संतांची वचने पाठ केली. पुढे गाणाऱ्याच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. यात स्वतःची नवी अशी एक ओळ नव्हती. होती ती ज्ञानदेवांची, नामदेवांची, कबीरांची, एकनाथांची जुनी, वापरून मऊ झालेली वस्त्रे. ती हाताळता हाताळताच हाताला पुन्हा चलन आले.

मग स्वप्नात नामदेवराय पांडुरंगासह आले आणि त्यांनी कवित्वाची आज्ञा केली. शतकोटी अभंगांचा माझा संकल्प अपुरा राहिला आहे, तो तू पुरा कर, असे ते सांगणे. म्हणजे तुकोबांच्या हाती आली ती देखील दुसऱ्याची अर्धी राहिलेली गोधडीच! सुरुवात शिंप्याने केली होती. सुई वाण्याच्या हाती आली. संख्या पुरी झाली की नाही, हा प्रश्न वारकऱ्याला पडत नाही. दोरा तुटला नाही, एवढे त्याला पुरते.

आपल्यापैकी कोणाचे भजन सुटले असेल, कोणाचे लिहिणे, कोणाचे शिवणकाम. दुःखाने हात थांबला, तर त्यात लाज नाही. मात्र उत्साह परत आल्यावर बसू म्हटले, तर फडताळ उघडत नाही. मन लागो न लागो, ती अर्धी गोधडी खाली काढावी, गेलेल्या माणसाच्या कापडावरून एकदा हात फिरवावा, आणि जिथे सुई अडकून राहिली आहे तिथूनच पुढचे चार टाके घालावेत. तुकोबांनीही प्रथम ध्रुपदच धरले होते.

रामकृष्णहरि.