'औत' शब्दाची व्युत्पत्ती आणि वऱ्हाडातील वापर : साखरखेर्डा परिसराच्या संदर्भात

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना 1724 च्या लढाईमुळे परिचित आहे. निजामुल्मुल्काने येथे मुबारिझखानाचा पराभव केला. खान रणात पडला आणि दक्षिणेत निजामाच्या स्वतंत्र सत्तेचा पाया घातला गेला. विजयाप्रीत्यर्थ गावाला फत्तेखेर्डा हे नाव देण्यात आले. लोकांच्या तोंडी मात्र जुनेच राहिले. ज्या भूमीवर शस्त्रे चालली, तेथेच पुढे औते चालली. त्यामुळे 'औत' किंवा 'आऊत' हा शब्द संस्कृत 'आयुध'पासून आला, ही उपपत्ती येथे विशेष आकर्षक वाटते.

ध्वनिपरिवर्तनाचे नियम मात्र तिला अनुकूल नाहीत. दोन स्वरांमधील 'ध'चा प्राकृतात 'ह' होतो. 'दधि'चे 'दही' झाले, तसे 'आयुध'चे 'आउह' झाले. त्यातून अन्त्य 'त' निघत नाही. याउलट 'भक्त' – 'भत्त' – 'भात' याच क्रमाने 'आयुक्त' – 'आउत्त' – 'आऊत' ही परंपरा सरळ लागते. आयुक्त म्हणजे जोडलेले, जुंपलेले. ('अवजार' हा अरबीतून आलेला शब्द, त्याचे औताशी असलेले साम्य केवळ वरवरचे आहे.)

वऱ्हाडातील वापरही याच अर्थाकडे नेतो. औत म्हणजे केवळ नांगर नव्हे. काळ्या कपाशीच्या जमिनीत नांगर दरवर्षी घालण्याची रीत नव्हती. मुख्य मशागत वखराची. पेरणीला तिफण आणि पिकाच्या ओळींमधून डवरा. ही साधने हंगामाप्रमाणे बदलतात. बैलजोडी, जू आणि हाकणारा मनुष्य कायम राहतो. या एकत्र जुळणीला 'औत' म्हणतात. म्हणूनच 'औत धरणे', 'औत हाकणे', 'औत सोडणे' हे प्रयोग वखराला लागू पडतात तसेच डवऱ्यालाही. ज्याच्याकडे एकच बैल आहे, त्याच्या घरी वखर असूनही औत नसते. दुसऱ्या एकबैल्याशी सावड केली म्हणजे दोघांचे मिळून एक औत होते. हे उदाहरण कोणत्याही कोशापेक्षा अधिक निर्णायक मानावे लागेल.

येथूनच शब्दाला मोजमापाचा अर्थ आला. 'एका औताची शेती' म्हणजे एका जोडीने हंगामात उरकेल एवढी जमीन. तिचे क्षेत्र मातीच्या मगदुरानुसार कमीअधिक होई. 'दोन औतांचा शेतकरी' म्हटल्यावर त्याची जमीन, गोठा, वैरण आणि बहुधा घरातील सालदारही एकदम लक्षात येत. महसुली मोजणीतील एकर क्षेत्र अचूक सांगतो, परंतु ते कसण्याचे बळ कुटुंबाकडे आहे की नाही, हे सांगत नाही.

ट्रॅक्टर आल्यावर हा हिशेब मोडला. ट्रॅक्टरमागे जोडलेल्या साधनाला सहसा 'अवजार' म्हणतात आणि नांगरटीचे भाडे एकरी ठरते. बैलजोडी विकलेला शेतकरी पाच एकरांचा धनी असू शकतो. तो किती औतांचा, असे आता कोणी विचारीत नाही.