गुग्गुळ : शब्द, द्रव्य आणि विधी

सांगली, मिरज, जत या भागांतील लिंगायत समाजात मंगलकार्याच्या निमित्ताने वीरभद्राचा 'गुग्गुळ' काढण्याची रीत आहे. येथे गुग्गुळ हे केवळ धुपाचे नाव राहिलेले नसून सबंध विधीचे नाव झाले आहे. ज्या काटेरी झुडुपाचा हा डिंक, ते मात्र कच्छ, राजस्थान व सिंध येथील रुक्ष भूमीतले.

द्रव्याचे हे परकेपण प्राचीन आहे. अथर्ववेदात (१९.३८) 'गुल्गुलु' हा सैंधव किंवा समुद्रिय म्हटला असून त्याच्या गंधाने यक्ष्म पळतो, असे सांगितले आहे. संस्कृत 'गुग्गुलु'मधील स्वरमध्यस्थ ल मराठीत ळ झाला व अंत्य उकार लोपला.

वेदात औषध आहे ते धुराच्या रूपाने. सुश्रुतसंहितेत ते पोटात घ्यावयाचे झाले. नवा गुग्गुळ बृंहण, जुना लेखन, हा तेथील भेद होय. मेदोरोगाविषयीच्या या वचनांवरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी १९६६ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्रबंध सादर केला. सशांवरील त्यांच्या प्रयोगांत रक्तातील मेद घटल्याचे दिसले. पुढे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत मात्र रुग्णांतील अपायकारक कोलेस्टेरॉल उलट किंचित वाढले. तेव्हा ग्रंथवचन हे संशोधनाचा आरंभ ठरते, निर्णय नव्हे.

दरम्यान मागणीपायी सालीवर बेसुमार घाव घातल्याने झुडपे वाळतात, आणि ही जाती आज अतिसंकटग्रस्त गणली जाते. शब्द व विधी दक्षिण महाराष्ट्रात रुजले. त्यांचे मूळ मात्र वाळवंटात सुकत आहे.