कर्ण्यापासून पेटीपर्यंत

डिसेंबर १९३६ मध्ये त्या वेळच्या पूर्व खानदेशातील, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. खेड्यात भरलेले हे पहिलेच काँग्रेस अधिवेशन. उघड्यावर जमलेल्या हजारो लोकांपर्यंत शब्द पोचवणे हा त्या काळच्या अशा प्रत्येक सभेपुढचा प्रश्न असे. १९३० च्या दशकात काँग्रेसच्या सभांना मोटवाने कुटुंबाची 'शिकागो रेडिओ' ही कंपनी ध्वनियंत्रणा पुरवीत असे. अशा सभांत कर्णा वापरत. तो कर्णाच का? याचे उत्तर समजले, तर आज जळगाव-धुळ्याच्या दुकानात घरासाठी स्पीकर निवडतानाही त्याचा उपयोग होतो.

त्या वेळचे अॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचे. ते महाग असत आणि त्यांतून मिळणारे वॉट मोजकेच. स्पीकरचा पडदा हलला, तरी विरळ हवेला त्याची फार थोडी ऊर्जा मिळते. उघड्या कागदी शंकूच्या स्पीकरमध्ये विजेच्या साधारण एक टक्का ऊर्जेचाच आवाज होतो. हळूहळू रुंदावणारा कर्णा पडदा आणि हवा यांची जोडणी सुधारतो व हे प्रमाण कितीतरी पट वाढवतो. पण ५० हर्ट्झच्या ध्वनीची लहर जवळजवळ ७ मीटर लांब असते. ती नीट बाहेर सोडायची, तर कर्ण्याचे तोंड काही मीटर रुंद हवे. त्यामुळे कर्ण्यातून भाषण स्पष्ट ऐकू येते, पण डग्ग्याचा घुमारा हरवतो.

घरात प्रश्न उलटा असतो. श्रोते चार, अंतर दहा फूट. हवा असतो तो घुमारा. अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये कर्ण्याशिवाय चालणाऱ्या, फिरत्या वेटोळ्याच्या शंकू-स्पीकरचे वर्णन प्रसिद्ध केले. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल खर्ज काढला. त्याची किंमत कार्यक्षमतेत मोजावी लागली. पुढे ट्रान्झिस्टरमुळे वॉट स्वस्त झाले आणि ही किंमत परवडू लागली.

म्हणून निवड करताना आधी खोली पाहावी, मग स्पीकर, शेवटी अॅम्प्लिफायर. स्पीकरच्या माहितीपत्रकात १ वॉटला १ मीटरवर किती डेसिबल, हा आकडा असतो. ८७ डेसिबलच्या स्पीकरला ६० वॉट देऊन जेवढा आवाज मिळतो, तेवढा ९० डेसिबलचा स्पीकर ३० वॉटमध्ये देतो. शक्ती दुप्पट केली, तरी वाढ फक्त ३ डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. 'पीएमपीओ' हा आकडा क्षणिक असतो व तो मोजण्याची एकच ठरलेली पद्धत नाही. त्याऐवजी सलग शक्तीचा आकडा विचारावा. शहाबादी फरशी व सिमेंटच्या भिंती आवाज परतवतात. गोधडी, जाड पडदे यांनी तो बराच शोषला जातो.

वर्गात एक प्रयोग करून पाहता येईल. जुन्या रेडिओतला सुटा स्पीकर वाजवा. मग मोठ्या जाड पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचे भोक पाडून त्यावर तो घट्ट बसवा आणि पुन्हा वाजवा. खर्ज एकदम भरतो. शंकूच्या मागची लहर पुढच्या लहरीला खोडत होती, ती आता पुठ्ठ्याने अडवली. स्पीकरला पेटी का लागते, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या कानांनी कळेल.