गॅलरीचा जिना

मुंबईच्या हायकोर्टात युनियनच्या एखाद्या दाव्याची तारीख पडली, की आम्हांला हटकून दोन-चार तास मोकळे मिळतात. वकीलसाहेब आपल्या नंबराची वाट पाहत आत बसतात आणि आम्ही बाहेर हिंडतो. अशा हिंडण्यात काळ्या घोड्याजवळची डेव्हिड ससून वाचनालयाची पिवळसर दगडाची जुनी इमारत कितीदा तरी पाहिली होती. कोणा धनिकाने आपल्या नावासाठी उभारलेली वास्तू, एवढीच आमची समजूत. पुढे वाचनात आले, की इमारत १८७० साली पुरी झाली असली तरी संस्था १८४७ची आहे, आणि तिचा पाया घातला तो सरकारी टांकसाळीतल्या व गोदीतल्या तरुण मेकॅनिकांनी आणि फोरमननी. यंत्रांचे नमुने आणि पुस्तके एका जागी जमवावीत, हा त्यांचा हेतू. संस्थेचे नाव मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट. इमारतीला ससूनशेटनी मोठी देणगी दिली तेव्हा त्यांचे नाव पुढे लागले; नंतर मेकॅनिक गळाले आणि ससून राहिले. देणगीदाराचे ऋण आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्यांनी मूळ कल्पना काढली त्यांचे नाव पाटीवरून कसे जाते, या प्रश्नाने आम्हांला थेट लंडनपर्यंत नेले. अर्थात पुस्तकांच्या वाटेने; तिकीट काढून जाण्याइतका पगार कोणतीच युनियन देत नाही.

मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट हे नाव विलायतेतले. त्याची पहिली खूण सापडते ती ग्लासगो शहरात. जॉर्ज बर्कबेक नावाचा तरुण प्राध्यापक तेथे पदार्थविज्ञान शिकवीत असे. प्रयोगाची उपकरणे करून घेण्यासाठी तो पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराच्या दुकानात जाई. एकदा पंपाचा नमुना तयार होत असता भोवती कामगार गोळा झाले आणि हे कशाने चालते, पाणी वर का चढते, असे विचारू लागले. जे हातांनी हुबेहूब घडवीत होते त्यांनाच त्याचे तत्त्व कोणी सांगितलेले नव्हते. बर्कबेकने १८०० साली त्यांच्यासाठी शनिवारी रात्री फुकट व्याख्याने सुरू केली. सहकाऱ्यांनी हसून पाहिले. चौथ्या व्याख्यानाला सुमारे पाचशे माणसे आली.

त्याच सुमारास लंडनमध्ये अल्बमार्ल स्ट्रीटवर रॉयल इन्स्टिट्यूशनची उभारणी चालू होती. ही संस्था १७९९ची. विज्ञानाचा उपयोग रोजच्या व्यवहारात व्हावा, हा तिचा उद्देश. व्याख्यानगृहाचे काम टॉमस वेबस्टर या माणसाकडे होते. त्याच्या मनात कारागिरांना तेथे शिकवायचे होते. म्हणून वरच्या गॅलरीत कारागिरांची बसण्याची सोय केली आणि त्यांना रस्त्यावरून थेट वर जाता यावे असा स्वतंत्र दगडी जिना बांधला. स्वतंत्र जिना कशाला, म्हणून आज आपल्याला राग येईल. त्या काळी तो जिना म्हणजे मोठी सवलत होती, आणि तीही टिकली नाही. खालच्या वर्गाला विज्ञान शिकवून तुम्हांला काय साधायचे आहे, असे वेबस्टरला विचारण्यात आले. फ्रान्सातली राज्यक्रांती ताजी होती. बेत राजकीय दृष्ट्या धोक्याचा ठरला, गाजावाजा न करता गुंडाळला गेला, आणि तो जिना पाडून टाकला.

मग तेथे हंफ्री डेव्हीची व्याख्याने गाजू लागली. सरदार आणि त्यांच्या घरच्या स्त्रिया यांची एवढी गर्दी होई, की घोडागाड्यांसाठी तो रस्ता एकतर्फी करावा लागला आणि लंडनमधला पहिला एकतर्फी रस्ता तो हाच, असे सांगतात. विज्ञानाचे जाहीर व्याख्यान म्हणजे उंची करमणूक झाली. डेव्हीच्या शोधांची थोरवी याने उणी होत नाही. परंतु श्रोत्यांत कोण बसले आहे, हे पाहण्याची आमच्या धंद्यात सवय लागते.

तो जिना पाडल्यानंतर काही वर्षांनी एका लोहाराचा मुलगा त्याच गॅलरीत येऊन बसला. मायकेल फॅरडे हे नाव आपल्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. तेरा-चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचू लागला, एवढे धड्यात असते. धड्यात नसते ते आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. १८१० साली टेटम नावाच्या गृहस्थांच्या घरी विज्ञानाची व्याख्याने होतात, अशी जाहिरात त्याने रस्त्यात पाहिली. फी दर व्याख्यानाला एक शिलिंग, वेळ रात्री आठची. शिलिंग दिला थोरल्या भावाने; तोही लोहारच. आणि वेळ आठची होती म्हणून दुकान सुटल्यावर जाता आले. हीच व्याख्याने दुपारी दोनला असती, तर विजेचे जनित्र शोधायला जगाला दुसरा माणूस पाहावा लागला असता. १८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. गॅलरीत घड्याळाच्या वरच्या जागेवर बसून त्याने टिपणे घेतली, ती सुवाच्य लिहून, आकृत्या काढून, स्वतःच्या हाताने बांधून डेव्हीकडे धाडली, आणि १८१३ च्या मार्चमध्ये त्याला तेथे मदतनिसाची नोकरी मिळाली.

या गोष्टीचे तात्पर्य ‘इच्छा तेथे मार्ग’ असे सांगण्याची पद्धत आहे. आम्हांला तसे वाटत नाही. भावाचा शिलिंग, आठची वेळ आणि गिऱ्हाइकाचे तिकीट, यांतले एक जरी चुकते तरी इच्छा बांधणीच्या दुकानातच राहती. ज्यांचे चुकले त्यांची नावे आपल्यापाशी नाहीत, एवढाच फरक. फॅरडेने मात्र त्याची जाण ठेवली असावी. १८२५ च्या सुमारास रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळातली व्याख्याने सुरू झाली. त्यांतल्या एकोणीस माला एकट्या फॅरडेने दिल्या. साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्याने देणारा तो माणूस! ज्योत, हवा, पाणी, कोळसा, श्वास, सगळे एका मेणबत्तीतून उलगडत नेले. ते पुस्तक १८६१ साली निघाले. शिकवणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा चाळावे.

आता लंडनच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनकडे वळू. १८२३ च्या नोव्हेंबरात स्ट्रँडवरच्या क्राउन अँड अँकर या खानावळीत जाहीर सभा भरली; सुमारे दोन हजार माणसे जमली. कल्पना मांडली होती ‘मेकॅनिक्स मॅगझिन’ चालवणाऱ्या रॉबर्टसन आणि टॉमस हॉजस्किन यांनी. ग्लासगोहून लंडनला येऊन डॉक्टरी करणारे बर्कबेक अध्यक्ष झाले. आणि सुरुवातीलाच वाद पेटला. हॉजस्किनचे म्हणणे, संस्था कामगारांच्या वर्गणीवर चालावी. श्रीमंतांचा पैसा घेतला तर काय शिकवायचे हेही तेच ठरवतील. फ्रान्सिस प्लेस हा मूळचा शिंपी, संघटनेत मुरलेला माणूस. त्याचे म्हणणे, वर्गणीवर भाडेसुद्धा निघणार नाही. आमच्या युनियनच्या कार्यकारिणीत इमारत निधीचा विषय निघाला, की हाच वाद आजही असाच होतो. लंडनला प्लेसची बाजू जिंकली. कार्यकारिणीत दोन-तृतीयांश कामगार असावेत असा नियम झाला, परंतु व्याख्यानगृह उभे राहिले ते बर्कबेकनी दिलेल्या तीन हजार सातशे पौंडांच्या कर्जावर.

कोण बरोबर होते? आम्ही बरीच वर्षे हॉजस्किनच्या बाजूचे होतो. आता तेवढी खात्री नाही. प्लेसच्या पैशाशिवाय संस्था दोन वर्षांत बुडाली असती. पैशाने ती तगली, आणि तिथली बाके हळूहळू कारकून-दुकानदारांनी भरली. मात्र याला केवळ देणगीदार कारण नव्हते. बारा तास हातोडा मारून आलेल्या माणसाला रसायनशास्त्राच्या व्याख्यानात झोप न आली तर नवल. वर्गणी वर्षाला एक पौंड. पोट, थकवा आणि घड्याळ, हे तिन्ही सरळ कारकुनाच्या बाजूचे. १८६६ साली नावातले मेकॅनिक जाऊन बर्कबेकचे नाव लागले. काळ्या घोड्याची पाटी आम्हांला येथे उलगडली. मात्र या संस्थेचे बर्कबेक कॉलेज झाले तरी नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग, ही तिची ओळख टिकली, हेही सांगितले पाहिजे.

घड्याळ ओळखले ते टॉमस हक्सलीने. १८५५ पासून जर्मिन स्ट्रीटवरच्या खाणविद्येच्या सरकारी शाळेत त्याने कामगारांसाठी संध्याकाळची व्याख्याने दिली. सहा व्याख्यानांना मिळून फी सहा पेन्स, आणि तिकीट मिळायचे ते नाव, पत्ता आणि धंदा सांगून कामगार असल्याची खात्री पटली तरच. बाके कारकुनांनी भरू नयेत याची ही तजवीज. सहाशे जागा भरून जात. डार्विनचे पुस्तक १८५९ साली निघाले आणि १८६२ साली हा माणूस त्याचा विषय सुतार-गवंड्यांपुढे मांडीत होता. एका लघुलेखकाने ती व्याख्याने उतरून छापण्याची परवानगी मागितली, हक्सलीने उदारपणे दिली. पुस्तक असे खपले, की पुढे त्याला आपल्या उदारपणाचा थोडा पस्तावा झाला.

व्याख्यानांबरोबर सहलीही आल्या. १८५८ साली लंडनला भूशास्त्रप्रेमींची जिऑलॉजिस्ट्स असोसिएशन निघाली. स्त्रियांना पहिल्यापासून सभासदत्व. १८६० पासून हे लोक हातोडी आणि पिशवी घेऊन शहराबाहेरच्या खडूच्या खाणी आणि विटांसाठी माती काढलेले खड्डे पाहायला जाऊ लागले. लंडनखाली खडूचा जाड थर आहे, तो समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचा बनलेला आहे, हे खाणीच्या तोंडाशी उभे राहून ऐकणे वेगळे आणि सभागृहात ऐकणे वेगळे. परंतु सहलीला रात्रीचे आठ चालत नाहीत. तिला दिवसाउजेडाची सुटी लागते, आणि सुटी कोणी व्याख्यात्याने दिलेली नाही. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या स्त्रिया व मुले यांना शनिवारी दोन वाजता सोडणे भाग पडले. लंडनच्या इमारत कामगारांनी १८५९ साली नऊ तासांच्या दिवसासाठी झगडा केला. मालकांनी कामबंदी करून त्यांना बाहेर ठेवले. तेव्हा ते हरले, पण नऊ तास पुढे १८७२ साली मिळाले.

रविवार होता, परंतु रविवारी फी घेऊन सार्वजनिक सभा भरवणे १७८० च्या कायद्याने गुन्हा होता. १८६६ च्या जानेवारीत ‘लोकांसाठी रविवार संध्याकाळ’ म्हणून विज्ञान-व्याख्याने सुरू झाली, पहिले हक्सलीचे. थोड्याच आठवड्यांत त्याच कायद्याचा धाक दाखवून ती बंद पाडण्यात आली. ब्रिटिश म्युझियम रविवारी उघडले ते १८९६ साली. सहा दिवस माणूस कारखान्यात आणि सातव्या दिवशी म्युझियमला कुलूप!

या सगळ्यांत आम्हांला एक माणूस फार आवडतो, आणि तो निघाला बँकवाला! जॉन लबक हा डार्विनचा शेजारी. मुंग्या-मधमाश्यांवर त्याने वर्षानुवर्षे प्रयोग केले. पार्लमेंटात जाऊन त्याने १८७१ साली बँक हॉलिडेचा कायदा करून घेतला. ऑगस्टमधल्या पहिल्या सोमवारासारखे चार दिवस लोकांना सुटीचे मिळाले. १८८६ साली दुकानांत राबणाऱ्या अठरा वर्षांखालील मुलांचे काम आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांवर आणणारा कायदा त्याच्याच खटपटीचा. चौऱ्याहत्तर, आणि ती सुधारणा! मुंग्या पाहणाऱ्या माणसाला वेळेची किंमत कळली होती.

याच वर्षांत आपल्याकडे काय चालले होते, ते पाहण्याजोगे आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ गृहस्थांनी नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघे होते. सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या म्युझियममध्ये भरत. पुढच्याच वर्षी, २३ सप्टेंबर १८८४ रोजी, तेथून जवळच परळला नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली. साडेपाच हजार कामगारांच्या अर्जात मागण्या होत्या : रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. सूर्यास्तापर्यंत काम ही मागणी होती, हे ध्यानात घ्यावे. भायखळ्याला पक्ष्यांची गोष्ट निघत होती आणि परळच्या माणसाला पक्षी दिसेल एवढा उजेडच हाती लागत नव्हता. दोन्ही सभा आम्हांला सारख्याच आवश्यक वाटतात. पण परळची जिंकल्याशिवाय भायखळ्याच्या सभेला कामगार येणे शक्य नव्हते. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी सक्तीची झाली.

एवढ्यावर हा इतिहास संपला असे आम्हांलाही वाटत होते. १९९७ च्या वसंतात हेल-बॉप धूमकेतू आला. आम्ही तेव्हा तिशीच्या आत होतो, पिंपरीच्या पट्ट्यात एका कारखान्यात कामाला होतो आणि युनियनमध्ये नुकतेच निवडून आलो होतो. एका मास्तरांनी दुर्बीण दिली, ती युनियन ऑफिसच्या गच्चीवर लावली. धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसे आणि तास-दीड तासात बुडे. पहिल्या पाळीची माणसे बायकापोरांसह येऊन पाहून गेली. दुसरी पाळी त्या वेळी यंत्रावर. चहाची सुटी अर्धा तास अलीकडे आणून तुकडीतुकडीने लोकांना कारखान्याच्या पटांगणात सोडावे, असा अर्ज आम्ही दिला. साहेबांनी तो वाचला, हसले आणि उत्पादनाचा तक्ता पुढे सरकवला.

आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुटी गुरुवारची. त्या गुरुवारी दुसऱ्या पाळीचे वीस-बावीस जण टेम्पोत घालून आम्ही दिव्यांपासून दूर माळावर नेले. ढग नव्हते, नशीब. शेपूट नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका वयस्कर टर्नरने विचारले, “हा पुन्हा कधी यायचा?” आम्ही वाचलेले सांगितले : सुमारे दोन हजार चारशे वर्षांनी. तो आकाशाकडे बघतच म्हणाला, “आयला, मग सोमवारीच खाडा करायला पायजे होता. आज घरच्या मंडळींना आणायचं राहिलं.”