शनिवार तेली आणि हिब्रू टोमॅटो

परवाच्या शनिवारी आंजर्ल्याला घरी होतो. कामाच्या निमित्ताने हिब्रू शिकतोय आणि पहिल्याच धड्यात भाज्या आहेत. आई विळीवर कांदा चिरत होती, मी शेजारी बसून घोकत होतो. बात्साल म्हणजे कांदा, शूम म्हणजे लसूण, गेझेर म्हणजे गाजर. आईने विचारलं, "आपल्या कोकणातल्या इस्राएल लोकांना येत असेल ना रे हे सगळं?"

मला वाटलं, येत असणारच. वाचायला बसलो तर गोष्ट वेगळीच निघाली.

बेने इस्राएल म्हणजे आपले 'शनिवार तेली'. बाणकोटच्या खाडीपलीकडे, रायगडातल्या गावागावांत त्यांचे तेलाचे घाणे होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून हे नाव. (कोकणातला पहिला वीकेंड त्यांचाच! :)) पण घरात बोलणं मराठी. 'शेमा' ही हिब्रू प्रार्थना पिढ्यानपिढ्या तोंडी टिकली, बाकी भाषा विसरली गेली. पुढे जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा निघाली, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी. त्या रात्रीच्या ताटात 'कार्पास' ही पालेभाजी असते आणि गुलामीची आठवण म्हणून 'मारोर', म्हणजे कडू पाला. थोडक्यात, हिब्रू भाजी सणाच्या ताटात होती, बाजारात नव्हती.

गंमत म्हणजे बाजारातली हिब्रूही तशी नवीनच. एलिएझर बेन येहुदा 1881 मध्ये पॅलेस्टाइनला गेला आणि पोथीतली भाषा घराघरांत बोलायची म्हणून मागे लागला. पोथीत कांदा-लसूण होते, टोमॅटो कुठून असणार? मग जर्मनमधल्या 'प्रेमाच्या सफरचंदा'वरून 'अगवानिया' शब्द घडवला गेला. त्याचा धातू कामवासनेचा, त्यामुळे बेन येहुदाला स्वतःला तो पसंत नव्हता. बटाटा झाला 'तापूआख अदामा', म्हणजे जमिनीतलं सफरचंद. आपण बरे, बटाटा आणि कोबी पोर्तुगीजांकडून नावासकट घेऊन मोकळे झालो.

1948 नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. ज्या देशासाठी पिढ्यानपिढ्या प्रार्थना केली, तिथे भाजी घेण्यापासून नवी सुरुवात. शब्द काय, शिकता येतात. पण भेदभावाची तक्रार करत काही जणांनी परत पाठवा म्हणून धरणं धरलं आणि 1952 मध्ये काही कुटुंबं भारतात परतलीसुद्धा. 1962 मध्ये तिथल्या धर्मपीठाने फर्मान काढलं, की यांची लग्नं लावण्याआधी पूर्वजांची चौकशी करा. शनिवार पाळला म्हणून कोकणात ज्यांना वेगळं नाव पडलं, त्यांनाच तिथे ज्यू असल्याचा पुरावा मागितला! आंदोलनं झाली, तेव्हा कुठे 1964 मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं.

हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे भाजीची नावं शिकणं त्यातल्या त्यात सोपं होतं म्हणायचं."

असो. पुढच्या धड्यात फळं आहेत. हापूसला काय म्हणतात, बघू.