जाळ्याचा खर्च कोणत्या मापाने मोजायचा?

आजचा विषय वरवर तांत्रिक वाटेल. पण तो मुळात हिशेबाचा आहे, आणि हिशेब म्हटला की इतिहास आलाच. समजा, दहा-पंधरा माणसांचा एक गट आहे. एखादी पतसंस्था असेल, गावोगावी आरोग्याचं काम करणारी संस्था असेल, किंवा काही माणसं माकणीत, काही लातुरात, काही पुण्यात बसून एकच काम करणारी तरुण मंडळी असतील. त्यांना आपले संगणक एकमेकांशी खासगीपणे जोडायचे आहेत. त्यासाठी आज ‘मेश व्हीपीएन’ नावाची सेवा मिळते. मेश म्हणजे जाळी. तिचं बिल दरमहा येतं, ते सगळ्यांना वाचता येतं. पण बिल म्हणजे खर्च नव्हे. हा फरक कसा ओळखायचा, तो आज आपण इतिहासाच्या वाटेने पाहू.

निरोपाचा खर्च पूर्वी अंतरावर आणि घाईवर ठरे. १७६१च्या जानेवारीत नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते. नर्मदेकडे त्यांना सावकारांचा एक कासीद सापडला. तो औरंगाबादच्या पेढीकडे पत्र घेऊन चालला होता. नऊ दिवसांत पोचवायच्या बोलीवर, असं ग्रँट डफ नोंदवतो. पत्र पेशव्यांनी उघडलं. आत मोती आणि मोहरा बुडाल्याचा जमाखर्च होता, पण अर्थ होता पानिपतचा. सरकारी डाक पोचण्याआधी सावकारांची डाक पोचली, आणि पेशव्यांना आपल्या घरातलं दुःख दुसऱ्याच्या पत्रातून कळलं.

यात आपल्या विषयाच्या दोन गोष्टी आहेत. एक, खासगी जाळं सरकारी जाळ्यापेक्षा वेगवान असू शकतं, कारण कुणीतरी त्या वेगाचे पैसे मोजलेले असतात. दुसरी, सावकारांनी सांकेतिक भाषा वापरली, कारण वाटेतल्या माणसावर त्यांचा भरवसा नव्हता. निरोपाला वाट लागते आणि वाटेवर कुणीतरी असतंच. आजच्या व्हीपीएनचं सगळं तत्त्वज्ञान एवढ्यात आलं.

पुढे माप बदललं. १८५४च्या टपाल कायद्याने पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा लावला. देशात कुठेही धाडा, दर तोच. अंतर गेलं, वजन आलं. तारेत शब्द मोजले जाऊ लागले. आपला हा तेरणाकाठ तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. निजामाची टपाल तिकिटं १८६९पासून निघाली, पण ती संस्थानाबाहेर चालत नसत. शेजारचं सोलापूर, बार्शी इंग्रजी मुलखात. म्हणजे नकाशावर जवळचं गाव टपालाच्या हिशेबात परकं. दर स्वस्त असला तरी हद्दीचा खर्च वेगळा असतो, हे आपल्या आजोबा-पणजोबांना पुस्तक न वाचता ठाऊक होतं.

पुढे ट्रंक कॉल आला, मग एसटीडी. तिथे पुन्हा अंतर आणि मिनिटं. ज्या कार्यालयांना कायमची जोडणी हवी, ती भाड्याची स्वतंत्र लाइन घेत, तिचं भाडं अंतरावर आणि क्षमतेवर. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘निकनेट’ने जिल्ह्याची ठिकाणं उपग्रहामार्फत जोडायला घेतली. त्याची रचना चांदणीसारखी, मध्यभागी दिल्लीचं मुख्य भूकेंद्र. जिल्ह्याचा निरोप आधी मध्याकडे जाणार, मग दुसऱ्या जिल्ह्याकडे.

चांदणीच्या जागी जाळी हवी, हा विचार जुना आहे. अमेरिकेत पॉल बॅरन यांनी १९६४मध्ये तो सविस्तर मांडला. मध्य उद्ध्वस्त झाला तरी निरोप दुसऱ्या वाटेने जावा, ही त्यामागची चिंता. पण जाळीत धागे फार होतात. पाच जण असतील तर दहा जोड्या. दहा असतील तर ४५. पंचवीस असतील तर ३००. प्रत्येक जोडीची किल्ली हाताने जुळवायची म्हटलं तर माणूस थकून जाईल.

इथे आजची सेवा येते. ‘वायरगार्ड’ ही सुटसुटीत पद्धत मार्च २०२०मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली. त्याच आठवड्यात आपल्याकडे टाळेबंदी लागली आणि घरून काम सुरू झालं. टेलस्केल, नेटबर्ड यांसारख्या सेवा वायरगार्डवरच उभ्या आहेत. प्रत्येक यंत्र आपली गुप्त किल्ली स्वतःजवळ ठेवतं. मधला सर्व्हर फक्त उघड किल्ल्या वाटतो, म्हणजे ओळख करून देतो. मग निरोप शक्य तिथे थेट जातात. थेट वाट मिळाली नाही, तर मधल्या थांब्यावरून जातात, पण बंद पाकिटातच. या ओळख करून देण्याचे पैसे कुणी माणशी घेतं, कुणी यंत्रामागे. अंतर, वजन, शब्द, मिनिटं, आणि आता डोकी. माप पुन्हा बदललं.

आता पाटीवर हिशेब मांडू. आकडे फक्त उदाहरणाचे. दर माणशी महिना ५०० रुपये धरू, माणसं बारा. वर्षाचे ७२,००० झाले. १८ टक्के जीएसटी धरून ८४,९६०. दुसरा मार्ग असा, की ओळख करून देणारा सर्व्हर स्वतःच चालवायचा. हेडस्केल, नेब्युला अशी मुक्त साधनं आहेत. सर्व्हरचं भाडं करासकट महिना १,००० आणि जाणत्या माणसाचे महिन्याला सहा तास, तासाला ५०० रुपयांनी. वर्षाचे ४८,०००. म्हणजे सात माणसांपासून पुढे स्वतःचं स्वस्त. सभेत कुणीतरी लगेच म्हणेल, ठरलं तर मग!

थांबा. सहा तास देणारा तो माणूस एकच आहे. तो आजारी पडला, नोकरी सोडून गेला, तर? आणि विकतच्या सेवेतही कंपनीने दर वाढवला, फुकटची मर्यादा बदलली, डॉलर चढला, तर? दोन्हीकडे मध्य आहे. एकीकडे कंपनी, दुसरीकडे आपलाच एक माणूस. मधला सर्व्हर निरोप वाचू शकत नाही हे खरं, पण ओळख तोच करून देतो. खोटी ओळखही तो करून देऊ शकेल. पेशव्यांनी कासीद थांबवला, तशीच ही जागा आहे.

न्याय-वैशेषिकांनी ‘अभाव’ हा स्वतंत्र पदार्थ मानला. अभाव नेहमी कशाचा तरी असतो, आणि कशाचा ते माहीत असल्याशिवाय तो कळत नाही. जाळ्याचं तसंच आहे. ते नसतं तेव्हा त्याचं मोल कळतं. या परिसराला हे समजावून सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. सास्तूर, किल्लारी आणि आसपासची गावं काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालं होतं. हजारो माणसं गेली. तेव्हा बाहेर निरोप पोचवायला जी साधनं उपयोगी पडली, त्यांत हौशी रेडिओचालकांचे संच होते. त्यांना मध्य नव्हता आणि बिलही नव्हतं.

इथे एक भ्रम दूर केला पाहिजे. मेश व्हीपीएन ही बॅरनची जाळी नव्हे. ती इंटरनेटच्या पाठीवर बसते. टॉवर पडला की तीही पडते. मधला सर्व्हर बंद पडला, तर जुळलेल्या जोड्या सहसा काही काळ चालतात, पण नवं यंत्र आत येत नाही. आणि लॉगिनसाठी बहुधा आणखी तिसऱ्याच कंपनीचं खातं लागतं. नाव जाळीचं, पण मध्य एक नाही, तीन आहेत.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. ज्या संस्थेकडे रुग्णांची माहिती किंवा ठेवीदारांची खाती आहेत, तिने खर्चाच्या टिपणात रकमेखाली तीन ओळी लिहाव्यात. मधल्या जागी कोण आहे, आणि त्याच्यावर आपण का विसंबतो? तो नसेल त्या दिवशी काम कोण आणि कसं चालवणार? आणि ही सेवा सोडायची झाली तर किती दिवस, किती माणसं लागतील? दोन माणसांना सर्व्हर चालवता येतो असं उत्तर असेल, तर स्वतःचं घ्यावं. एकालाच येत असेल, तर वरचे ३७ हजार महाग नाहीत. आणि तिन्ही ओळी कोऱ्या राहत असतील, तर फुकटची सेवासुद्धा परवडणारी नाही.